कळफलकावरील शॉर्टकट : मंडळाच्या कामाच्या दृष्टीने एक अभ्यास

मंडळाच्या कामात संगणक आला त्यास आता बरीच वर्षे झाली. सभासदांची यादी, वर्गणीच्या पावत्या, सभेची निमंत्रणे, वर्षावासातील प्रवचनमालेचे वेळापत्रक आणि प्रस्तुत स्मरणिकेसारखी प्रकाशने ही सर्व कामे वहीवरून पडद्यावर गेली. तथापि एक गोष्ट सर्वांच्याच पाहण्यात असेल. काम संगणकावर गेले, पण ते करणारे हात मात्र एकदोघांचेच राहिले. गावशाखेचे चिटणीस सुवाच्य अक्षरात सारे लिहून ठेवतात आणि 'पोरगा मुंबईहून आला की टाइप करील' म्हणून कागद बाजूला सारतात. कारण विचारले तर कोणी म्हणतो माऊस हाताला बसत नाही, कोणी म्हणतो मराठी अक्षरे सापडत नाहीत, कोणी मेनूतील इंग्रजीला भितो. ही तिन्ही कारणे बऱ्याच अंशी कळफलकाशी निगडित आहेत, असे आमचे निरीक्षण आहे.

आपल्यातील काही विद्यार्थी सभासद-नोंद व पावत्या यांसाठी स्वतःच एक प्रोग्राम तयार करू पाहत आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. मुंबई शाखेत विंडोजचा संगणक, एखाद्या कार्यकर्त्याच्या घरी ॲपलचा मॅक, आणि गावी जुन्या यंत्रावर घातलेले लिनक्स अशी आपली स्थिती असल्यामुळे प्रोग्राम तिन्ही ठिकाणी चालला पाहिजे. अशा प्रोग्रामला या व्यवसायात क्रॉस-प्लॅटफॉर्म म्हणतात. अशा प्रोग्राममध्ये कळफलकाचे शॉर्टकट कसे घालावेत आणि घालताना मराठी व पाली लिहिणाऱ्याचा विचार कसा करावा, एवढाच या लेखाचा विषय आहे. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. प्रोग्रामिंगचे शास्त्र शिकविण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु दिवसभर कळफलकावर हात असणाऱ्याला कोणती कळ कुठे अडते ते समजते, आणि ते प्रोग्राम लिहिणाऱ्याला कोणीतरी सांगावे लागते.

शॉर्टकट म्हणजे मेनूत जाऊन, ओळ शोधून, माऊसने दाबावयाचे काम दोन-तीन कळा एकत्र दाबून करणे. कंट्रोल धरून 'सी' दाबले की निवडलेल्या मजकुराची नक्कल होते, 'व्ही' दाबले की ती चिकटते. हे इतके अंगवळणी पडले आहे की ते कोणीतरी ठरविले असेल असे वाटतही नाही. अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७० च्या दशकात लॅरी टेस्लर व टिम मॉट यांनी 'जिप्सी' नावाचा लेखन-प्रोग्राम केला. कापणे, नक्कल करणे व चिकटवणे ही पद्धत तेथे आकाराला आली. पुढे टेस्लर ॲपल कंपनीत गेले. त्या कंपनीच्या १९८३ च्या लिसा व १९८४ च्या मॅकिंटॉश या संगणकांवर झेड, एक्स, सी, व्ही या खालच्या ओळीतील लागोपाठच्या चार कळा या कामांसाठी नेमल्या गेल्या. 'सी' हे कॉपीचे आद्याक्षर आहे, 'एक्स' कात्रीसारखा दिसतो; पण 'व्ही' आणि 'झेड' यांचा महत्त्वाचा गुण हा की त्या शेजारी आहेत आणि डाव्या हाताला न हलता सापडतात. आयबीएमने १९८७ मध्ये वेगळी पद्धत सुचविली होती : कंट्रोल व इन्सर्टने नक्कल, शिफ्ट व इन्सर्टने चिकटवणे, शिफ्ट व डिलीटने कापणे. ती आज फारसे कोणी वापरीत नाही, तरी विंडोजमध्ये अजूनही बहुतेक ठिकाणी चालते. हिचा एक उपयोग आहे, तो पुढे येईल.

तीन घरे, तीन रीती

प्रोग्राम एकच असला तरी तो ज्या घरी राहावयास जातो त्या घरची रीत त्याला पाळावी लागते. विंडोज व लिनक्सवर जे काम कंट्रोल करते ते मॅकवर कमांड ही कळ करते. मॅकवर कंट्रोल नावाची कळही आहे, पण तिचे काम निराळे. म्हणून प्रोग्राममध्ये 'कंट्रोल-एस' असे ठोकून लिहिले तर मॅकवाल्याचा हात कमांडवर जातो आणि काही घडत नाही.

यावर उपाय प्रोग्राम बनविण्याच्या साधनांतच दिलेले आहेत. क्यूटी हे साधन वापरणाऱ्याने कंट्रोल लिहिले तर मॅकवर त्याचा अर्थ आपोआप कमांड असा घेतला जातो. इलेक्ट्रॉनमध्ये 'कमांड-ऑर-कंट्रोल' असा एक जोडशब्दच आहे. जावामध्ये, या यंत्रावर मेनूची मुख्य कळ कोणती, हे यंत्रालाच विचारता येते. पायथनसोबत येणाऱ्या टीके या साधनात मात्र दोन्ही कळा स्वतंत्रपणे बांधाव्या लागतात. आमच्या मते याहूनही चांगला मार्ग म्हणजे रूढ कामांसाठी कळेचे नाव न लिहिता कामाचे नाव लिहिणे. क्यूटीमध्ये 'कॉपी', 'सेव्ह', 'रीडू' अशी प्रमाण नावे आहेत. ती दिली की त्या घरची रीत साधन स्वतः पाहते. रद्द केलेली कृती पुन्हा करण्यासाठी विंडोजवर कंट्रोल-वाय असते, तर मॅकवर कमांड-शिफ्ट-झेड. हे सर्व पाठ करण्यात विद्यार्थ्याने वेळ का घालवावा?

परंतु आपल्या खास कामांना प्रमाण नाव नसते, तिथे खरी परीक्षा आहे. समजा, नवीन सभासदाची नोंद उघडण्यासाठी 'मेंबर' या शब्दावरून कंट्रोल-एम नेमले. विंडोजवर सुरळीत चालेल. मॅकवर तीच जोडी कमांड-एम होते आणि ती कळ खिडकी लहान करून खाली ठेवून देते. मुंबईचे कार्यकर्ते नोंद उघडायला जातील आणि प्रोग्रामच नाहीसा होईल! कंट्रोल-एचचेही तसेच. विंडोजवर अनेक प्रोग्राम शब्द बदलण्यासाठी ही जोडी वापरतात. मॅकवर कमांड-एच म्हणजे सबंध प्रोग्राम लपविणे. लिब्रेऑफिस या प्रसिद्ध मोफत प्रोग्रामने म्हणूनच 'शोधा व बदला' यासाठी विंडोजवर कंट्रोल-एच, तर मॅकवर कमांड-ऑप्शन-एफ असा वेगळा शॉर्टकट ठेवला आहे. लिनक्सच्या घरी कंट्रोल-ऑल्टसह एफ-१, एफ-२ वगैरे कळा दाबल्यास सबंध पडदा बदलून अक्षरी पडदा येतो, त्यामुळे त्या वाटेला जाऊच नये.

मराठी बोटांचे गाऱ्हाणे

आतापर्यंतचे कोणत्याही परदेशी पुस्तकात मिळेल. यापुढचे मात्र आपले आपणच पाहिले पाहिजे.

मराठीसाठी शासनमान्य असलेली कळफलकाची रचना म्हणजे इनस्क्रिप्ट. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये ती प्रमाण केली, १९८८ मध्ये तीत सुधारणा झाली आणि १९९१ मध्ये आयएस १३१९४ या भारतीय मानकात तिचा समावेश झाला. तिची रचना अत्यंत तर्कशुद्ध आहे : डाव्या हाताला स्वर व मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने, साध्या कळेवर 'क' तर शिफ्टसह त्याच कळेवर 'ख', 'ग' बरोबर 'घ', 'त' बरोबर 'थ'. ज्याला बाराखडी येते त्याला ती थोड्या दिवसांत बसते. जुन्या टाइपरायटरवर शिकलेल्यांची बोटे निराळ्या रचनेची असतात आणि तरुण मंडळी इंग्रजी स्पेलिंग करून मराठी उमटवितात. त्यांच्याशी आमचा वाद नाही. पण पाटी कोरी असेल त्याने इनस्क्रिप्टच शिकावे.

आता कळफलक मराठीवर असताना शॉर्टकटचे काय होते ते पाहा. इंग्रजी 'सी'च्या कळेवर 'म' आहे, 'एस'च्या कळेवर एकाराची मात्रा, 'पी'वर 'ज', 'एफ'वर ऱ्हस्व वेलांटी. दाबलेली जोडी प्रोग्राम दोन प्रकारे ओळखू शकतो. एक, त्या कळेतून कोणते अक्षर निघाले ते पाहून. दुसरे, कळ कोणत्या जागेवरची आहे ते पाहून. अक्षर पाहणाऱ्या प्रोग्रामला कंट्रोल-सी ऐवजी 'कंट्रोल-म' ऐकू येते आणि तो गप्प बसतो. बिचारा चिटणीस समजतो की आपलेच काहीतरी चुकले. वास्तविक तो प्रोग्राम लिहिणाऱ्याने मराठी कळफलक चालू करून एकदाही पाहिलेले नसते. रशियन लिपीत लिहिणारेही टीकेच्या प्रोग्रामबाबत हीच तक्रार करीत आले आहेत.

इलेक्ट्रॉनसारख्या साधनात दाबलेल्या कळेबद्दल दोन माहित्या मिळतात. 'की' या नावाने अक्षर, म्हणजे 'म'. आणि 'कोड' या नावाने जागा, म्हणजे सी-ची कळ. आपल्या देशात विकले जाणारे कळफलक बहुधा एकाच इंग्रजी रचनेचे असल्याने जागा पाहणे आपल्याला सोयीचे. फ्रान्समध्ये मात्र 'ए' व 'क्यू' यांच्या जागांची अदलाबदल असते, तिथे हा नियम फसेल. म्हणून प्रथम अक्षर पाहावे. ते रोमन नसेल तरच जागा पाहावी, हा मध्यम मार्ग बरा. लिनक्सवर पुष्कळ साधने अशा वेळी यादीतील दुसऱ्या कळफलकात रोमन अक्षर शोधतात. तेव्हा तिथे मराठीसोबत इंग्रजी कळफलकही यादीत ठेवावा, तो काढून टाकू नये. आणि ज्या प्रोग्राममध्ये कोणताच उपाय चालत नाही तिथे विंडोजवाल्यांनी वर सांगितलेली आयबीएमची कंट्रोल-इन्सर्ट व शिफ्ट-इन्सर्ट ही जोडी वापरून पाहावी. इन्सर्टच्या कळेवर कोणतेही अक्षर नसल्याने ती इंग्रजीतही तीच आणि मराठीतही तीच! एफ-२ ते एफ-९ या कळांचाही हाच गुण आहे. आपल्या प्रोग्राममधील सर्वाधिक लागणारी दोन-तीन कामे अशा कळांवर ठेवावीत असे आम्ही सुचवितो. मॅकच्या लहान कळफलकावर त्यांच्यासोबत 'एफएन' धरावे लागते एवढी अडचण आहे.

दुसरे गाऱ्हाणे कंट्रोल व ऑल्ट एकत्र दाबण्याचे. मोकळी जागा दिसते म्हणून नवशिके तिथेच शॉर्टकट घालतात. विंडोजमध्ये कंट्रोल आणि ऑल्ट मिळून उजव्या बाजूच्या 'ऑल्ट-जीआर' या कळेचे काम करतात आणि तिच्यावर अक्षरे ठेवलेली असतात. आपल्या रुपयाचे चिन्ह घ्या. उदय कुमार यांनी रेखाटलेले ₹ हे चिन्ह केंद्रीय मंत्रिमंडळाने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले आणि त्याच वर्षी ते युनिकोडमध्ये आले. विंडोजच्या भारतीय इंग्रजी कळफलकावर ते ऑल्ट-जीआर व ४ दाबून मिळते. प्रोग्रामने कंट्रोल-ऑल्ट-४ हा शॉर्टकट पावती छापण्यासाठी बळकावला तर पावतीवर ₹ उमटविणेच अशक्य! पैशाचा व्यवहार करणाऱ्यांना याचे गांभीर्य वेगळे सांगावयास नको. ऑल्ट-शिफ्टही टाळावे, कारण विंडोजमध्ये भाषा बदलण्याची ती जुनी जोडी आहे. विंडोज-स्पेस, लिनक्सच्या ग्नोममध्ये सुपर-स्पेस आणि मॅकवर कंट्रोल-स्पेस यांनीही भाषा बदलते. मराठी माणसाला एका पावतीत चार वेळा भाषा बदलावी लागते. त्या कळांना हात लावणे म्हणजे त्याचा रस्ताच अडविणे होय.

पालीचे शब्द

आपल्या प्रकाशनांत आणखी एक अडचण असते ती पाली शब्दांची. पञ्ञा, सञ्ञा, ञाण, सङ्घ असे शब्द बरोबर छापलेले पाहावयास मिळणे दुर्मिळ. 'ञ' हे अक्षर कळफलकावर कुठे आहे हे ठाऊक नसल्याने टाइप करणारा दिसायला जवळचा 'त्र' घालतो, आणि पञ्ञेचा 'पत्रा' होऊन बसतो. आमच्या कोकणात पत्रा पडवीवर घालतात! परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पालीचे व्याकरण व शब्दकोश यांवर केलेले काम महाराष्ट्र शासनाने १९९८ मध्ये त्यांच्या ग्रंथमालेच्या सोळाव्या खंडात प्रसिद्ध केले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीसोबत पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली. एवढे झाल्यावर आपण धम्मातील शब्द केवळ कळ सापडत नाही म्हणून चुकीचे छापावेत, हे पटत नाही.

इनस्क्रिप्टमध्ये 'ञ' हे शिफ्टसह उजव्या चौकटी कंसाच्या कळेवर आहे आणि 'ङ' हे शिफ्टसह 'यू'वर. पाय मोडण्याची, म्हणजे हलंताची कळ 'डी'. म्हणून 'पञ्ञा' लिहिण्यासाठी क्रमाने एच, शिफ्ट-कंस, डी, शिफ्ट-कंस, ई. 'सङ्घ' साठी एम, शिफ्ट-यू, डी, शिफ्ट-आय. याच ओघात मराठीतील अर्ध्या ऱ चेही सांगून ठेवतो. शिफ्ट-जे, डी आणि मग 'य'ची तिरप्या रेघेची कळ दाबली की 'ऱ्य' होतो. हे येत नसेल तर जमाखर्चात आचाऱ्यांना दिलेली मजुरी आचार्यांच्या नावे पडते.

हेच शब्द वारंवार येत असतील तर लिब्रेऑफिसमधील ऑटोटेक्स्टचा उपयोग करावा. शब्द एकदा नीट लिहून निवडावा, कंट्रोल-एफ-३ दाबून त्याला दोन-तीन अक्षरांची खूण द्यावी. पुढे ती खूण लिहून एफ-३ दाबले की पूर्ण शब्द येतो. मंडळाचे लांबलचक नाव, पत्ता व नोंदणी क्रमांक यांसाठीही हे उत्तम.

लिब्रेऑफिसमध्ये स्वतःचे शॉर्टकट घालण्यासाठी प्रोग्राम लिहावा लागत नाही. सप्टेंबर २०१० मध्ये ओपनऑफिसपासून वेगळा झालेला हा प्रोग्राम विंडोज, मॅक व लिनक्स तिन्हींवर चालतो आणि विनामूल्य आहे. टूल्स मेनूतील कस्टमाइझ उघडावे व कीबोर्ड हे पान घ्यावे. वर कळांची यादी दिसते. ज्या कळेवर आधीच काम नेमलेले आहे तिच्यासमोर ते लिहिलेले असते, आणि ज्या फिकट दिसतात त्या बदलता येत नाहीत. खाली कामांचे वर्ग असतात. आपण 'गाथा' नावाची परिच्छेदाची शैली केली असेल, म्हणजे अक्षर मोठे, ओळी मध्यभागी, वर-खाली जागा, तर ती स्टाइल्स या वर्गात सापडते. मोकळी कळ निवडून, शैली निवडून असाइन दाबावे. जुन्या आवृत्तीत या बटणाला मॉडिफाय म्हणत. हा शॉर्टकट फक्त रायटरपुरता ठेवावा की सबंध लिब्रेऑफिससाठी, हेही तिथेच ठरते. सर्व झाल्यावर सेव्ह बटणाने ही मांडणी फाइलमध्ये ठेवता येते आणि दुसऱ्या संगणकावर लोडने घेता येते. मुंबईत एकाने केलेली मांडणी मंडणगडपासून राजापूरपर्यंत कोणत्याही शाखेत अशी पोहोचू शकते.

कामे मोजून कळा नेमाव्यात

विद्यार्थी मित्रांना पुन्हा त्यांच्या प्रोग्रामकडे नेतो. उत्साहाच्या भरात प्रत्येक कामाला शॉर्टकट देण्याचा मोह होतो. तसे केल्यास कोणाच्याच काही लक्षात राहत नाही. वर्गणीच्या दिवसांत चिटणिसाशेजारी बसून त्याचे कोणते काम किती वेळा होते ते कागदावर रेघा मारून मोजावे. आमच्या अंदाजाने सभासद शोधणे, नवी पावती, पावती छापणे व पुढील नोंदीवर जाणे या चारांतच बहुतेक रेघा पडतील. शॉर्टकट त्यांनाच द्यावेत. वार्षिक अहवाल वर्षातून एकदा निघतो, तो मेनूतूनच निघू द्यावा.

नोंद काढून टाकण्याला मात्र सोपा शॉर्टकट कदापि देऊ नये. कंट्रोल-डी म्हणजे डिलीट, असे सुचणे साहजिक आहे. पण 'डी' ही 'एस'ची शेजारीण. जतन करताना बोट घसरले तर एका कुटुंबाची तीन पिढ्यांची नोंद जाईल. तिथे 'खात्री आहे काय?' असे विचारावे आणि उत्तराची आपोआप निवडलेली बाजू 'नाही' अशी असावी.

प्रत्येक शॉर्टकट मेनूतील त्या कामासमोर लिहिलेला असावा, म्हणजे माऊसने काम करणाराही हळूहळू तो शिकतो. मेनू मराठीत असेल तर ऑल्टने मेनू उघडण्याच्या अक्षराचा प्रश्न येतो; 'फि'सारख्या वेलांटीच्या अक्षराखाली रेघ ओढून भागत नाही. जपानी प्रोग्रामांत शब्दापुढे कंसात एक रोमन अक्षर देतात, तसे करावे. शिवाय शॉर्टकट बदलण्याची सोय वापरणाऱ्याला ठेवावी. एखाद्याच्या हाताला कंप असतो, एखाद्याला एकाच हाताने काम करावे लागते. त्याला तीन कळांची जोडी निरुपयोगी. ज्या बांधवांना दिसत नाही त्यांना तर माऊसचा उपयोगच नाही, त्यांचा सबंध व्यवहार कळफलकावर. २००६ पासून तयार होत असलेला एनव्हीडीए हा मोफत वाचक-प्रोग्राम पडद्यावरील मजकूर बोलून दाखवितो. तो आपल्या आज्ञांसाठी इन्सर्ट किंवा कॅप्स लॉक ही कळ धरतो. म्हणून इन्सर्टवर आपल्या प्रोग्रामच्या नव्या जोड्या रचू नयेत.

चाचणी घेताना माऊस काढून ठेवावा. कळफलक मराठीवर करावा. प्रोग्राम लिहिणाऱ्याने खुर्चीत न बसता मागे उभे राहावे आणि महिला मंडळाच्या कोषाध्यक्षांना बसवावे. त्यांनी एक सभासद शोधून, ₹ चिन्हासह पावती करून, ती छापून दाखवावी. त्या जिथे थांबतील ती जागा लिहून घ्यावी; मध्येच बोलू नये, हे सर्वांत अवघड. हीच चाचणी तिन्ही प्रकारच्या संगणकांवर घ्यावी, कारण विंडोजवर जमलेले मॅकवर जमेलच असे नाही हे वर आलेच आहे. त्यानंतर जे शॉर्टकट टिकतील त्यांचा तक्ता मोठ्या अक्षरात छापून पावतीपुस्तके ठेवतात त्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवावा, आणि पुढे एखादी कळ बदलली तर जुना तक्ता काढून नव्यावर तारीख घालावी.